लॅपटॉपचा पंखा का ओरडतो?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



शिक्षणाच्या व्यासपीठावरून वक्त्याने मोठ्या विषयावर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एका लहानशा पंख्याविषयी बोलणार आहे. तळहाताहूनही लहान असा हा पंखा लॅपटॉपच्या पोटात बसवलेला असतो. त्याच्यापायी आमच्या कोंडाण्यात एका मुलीचे शिक्षण अडता अडता राहिले, म्हणून हा विषय घेतला.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी भाताचे पैसे हाती येताच कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी एक वापरलेला लॅपटॉप घेतला होता. एप्रिल उजाडला आणि तो घरघर करू लागला. खाली हात लावावा तर चटका बसे आणि दहा-पंधरा मिनिटांत तो आपोआप बंद पडे. एका दुरुस्तीवाल्याने तो न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला, दुसरा घ्या." शेजारी माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तर, आता दुसरा कुठून आणू? तिला म्हणावं, मोबाइलवरच भागव." मुलगी दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिला प्रकल्प सादर करायचा होता.

आम्ही तो लॅपटॉप उघडला. मदरबोर्डला काहीही झाले नव्हते. पंखा आणि त्याच्या पुढची धातूची जाळी यांच्यामध्ये धुळीचा, भाताच्या तुसाचा आणि गोधडीच्या कापसाचा एक जाड थर बसला होता, जणू लोकरीची पट्टीच. तो काढला, सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि यंत्र पूर्वीसारखे चालू लागले. प्रकल्प वेळेवर गेला.

आता यामागचे शास्त्र थोडक्यात पाहू. लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत जाते. पंखा खालून हवा ओढतो, त्या जाळीतून फुंकतो आणि गरम हवा कडेच्या किंवा मागच्या फटीतून बाहेर टाकतो. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधली बारीक पोकळी भरण्यासाठी एक पेस्ट लावलेली असते. हवेची वाट, पंखा आणि पेस्ट या तिघांपैकी एकाने जरी साथ सोडली, तरी उष्णता आत कोंडते.

उष्णता वाढली की यंत्र आधी पंख्याचा वेग वाढवते. तेवढ्याने भागले नाही, तर ते आपले काम मंद करते. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश सेल्सियसच्या आसपास असते. ती ओलांडू लागताच यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. शेजाऱ्यांचा लॅपटॉप बंद पडत होता, तो या राखणदारीमुळे.

पण प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. आपल्या कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा एंजिने जोडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. चढावर विजेच्या एंजिनातले हवा फुंकणारे पंखे जोरात घोंघावतात, म्हणून कोणी एंजिन बिघडले असे म्हणत नाही. लॅपटॉपवर व्हिडिओचे संकलन किंवा मोठा खेळ चालू असेल, तर तोही घाटच चढत असतो. काम काहीच नसताना जर पंखा ओरडत असेल, तर मात्र शोध घेतला पाहिजे.

आवाज नीट ऐकण्याची सवय लावा. एकसारखा वाऱ्यासारखा आवाज असेल, तर पंखा वेगाने फिरतो आहे. काम तरी जास्त आहे किंवा वाट तरी तुंबली आहे. टकटक वाजत असेल, तर पात्याला एखादी वायर किंवा कचरा लागतो आहे. खरखर किंवा किरकिर असेल, तर बेअरिंग झिजले आहे; तेथे पंखा बदलणे हाच उपाय. आणि लॅपटॉप तापला आहे पण आवाज मुळीच नाही, फटीतून वाराही येत नाही, ही सर्वांत काळजीची खूण. पंखाच थांबलेला असतो.

उपाय करताना बिनखर्चाचे आधी आणि खर्चाचे शेवटी, हा क्रम ठेवा.

पहिला उपाय जागेचा. गादी, गोधडी, उशी यांवर लॅपटॉप ठेवला की खालच्या फटी बुजतात. तो पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन बोटे उचलून धरील असा आधार द्या. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. त्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात भर दुपारी जड काम टाळा, ते सकाळी किंवा रात्री करा.

दुसरा उपाय कामाच्या तपासणीचा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या रकान्यात कोण जास्त काम खातो आहे ते पाहा. कधी ब्राउझरची वीस पाने उघडी असतात, कधी अपडेट चालू असतो, कधी एखादा घातक प्रोग्राम लपून बसलेला असतो. अपडेट असेल तर तासभर थांबा; अनोळखी काही दिसले तर अँटिव्हायरसने तपासा.

तिसरा उपाय सफाईचा. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर उघडू नका, अधिकृत केंद्रात न्या. नसेल तर आधी आपल्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि आतल्या बॅटरीची जोडणी सोडवा. स्क्रू कागदावर त्यांच्या त्यांच्या जागी मांडून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. पंख्याचे पाते काडीने हलकेच अडवून धरा आणि मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. पाते मोकळे सोडून जोराची हवा मारली, तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर विजेचा धोका असतो. गोडेतेल तर कदापि घालू नका. मी एकदा ते पाप केले आहे. दोन दिवस आवाज थांबला, मग तेलाला धूळ चिकटून पंखा कायमचा अडकला.

चौथा उपाय पेस्ट किंवा पंखा बदलण्याचा. हाताला सवय नसेल तर जाणत्याकडून करवून घ्या. पण तो समोर उघडून दोष दाखवील असाच माणूस निवडा. पंखा मागवताना लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक आणि पंख्यावरचा क्रमांक, दोन्ही सांगा.

एक इशारा मात्र नीट ध्यानात ठेवा. लॅपटॉपचा तळ फुगला असेल, किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर दोष बॅटरीत आहे. तो त्याच क्षणी बंद करा, चार्ज करू नका, बॅटरी टोचू वा दाबू नका. तिला आग लागू शकते.

पालक बंधु-भगिनींनो, घरातले यंत्र बिघडले की आपण लगेच नशिबाला किंवा मुलांना दोष देतो. त्याऐवजी मुलांना जवळ बसवून विचारा, "आवाज कसला येतो? केव्हा येतो? काय केल्यावर थांबतो?" कारण शोधण्याची ही सवय त्यांना परीक्षेतही उपयोगी पडेल. आणि विद्यार्थी मित्रहो, दिवाळीत झोडणीचा हंगाम संपला की आणि उन्हाळा लागण्यापूर्वी, असे वर्षातून दोनदा त्या फटींकडे लक्ष द्या.

शेजारच्या त्या मुलीने आता एक छोटा ब्रश दप्तरात ठेवला आहे. मोहल्ल्यातले तीन लॅपटॉप तिने स्वतः साफ केले आणि चौथा तपासून सांगितले, "चाचा, याचं बेअरिंग गेलंय, पंखा बदलावा लागेल." ते बरोबर निघाले.