फास्ट



नववीत इंग्रजीच्या बाईंनी विचारलं होतं, "फास्ट म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "मुंब्रा-कळव्याला थांबत नाही ती!" सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आणि तुझी आई संकष्टीला करते तो?" मी गप्प.

पुढे सॉफ्टवेअरमध्ये हाच शब्द रोज कानावर. सगळं फास्ट हवं. मध्यंतरी कोश उघडला, तर जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क 'घट्ट, पक्का'! साडीचा फास्ट कलर म्हणजे न जाणारा रंग, तो हाच. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. नेम घट्ट पाळायचा म्हणून उपवासही फास्ट, आणि तो सोडायचा तो ब्रेकफास्ट. जोर लावून धावणं म्हणजे भरभर धावणं, अशा वाटेने वेग आला, तोही सगळ्यांत शेवटी. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये चढलेल्यांना मूळ अर्थ समजावायला नको. एकदा आत शिरलं की हात खाजवायचीही सोय नाही.

आईने त्याच गाडीने सव्वीस वर्षं व्हीटी गाठलं, संकष्टीला उपाशीपोटी. आता ती घरातल्या घरात हळूहळू चालते, आणि मी मात्र, "आई, लवकर!" म्हणत राहते. परवाही म्हटलं. ती काही बोलली नाही, माझा हात तेवढा घट्ट धरला.

बाई, उत्तराला तीस वर्षं लागली. अर्धा मार्क तरी द्या.