घर पाहावे विकून

श्रोतेहो, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण करणाराकडून तिसरी गोष्ट सांगायची राहून गेली, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. घर पाहावे विकून! तेही सत्तरीच्या घरात आल्यावर. घर घेताना माणूस तरुण असतो. चार हेलपाटे अधिक पडले तरी चालतात. विकताना मात्र कागद सापडत नाहीत, जिना चढवत नाही, आणि आलेले गिऱ्हाईक नेमके त्या जिन्याकडेच बोट दाखवते.

मी ऐरोलीत राहतो. ठाण्याच्या खाडीकाठचे हे गाव. सिडको महामंडळ १९७० साली स्थापन झाले आणि पुढे इकडे वसाहती उभ्या राहिल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतली माणसे, सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. १९९९ साली मुलुंडकडे जाणारा पूल झाला, २००४ साली आगगाडी आली. मग काचेच्या इमारती आणि त्यांतल्या संगणकाच्या कंपन्या आल्या. गाव तरुण झाले, आणि गाव वसवणारी आमची पिढी म्हातारी झाली. मुले कोणी पुण्याला, कोणी परदेशी. आमच्या आळीत संध्याकाळी बाकांवर पाहावे, तर ही वृद्धांचीच वसाहत आहे असे कोणालाही वाटेल.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. कारखान्यातून निवृत्त झालेले, हिशेबी माणूस. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वहिनींचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जिना टाळा. तेव्हा ठरले की हे घर विकायचे आणि ऐरोलीतच लिफ्ट असलेल्या इमारतीत लहानसे घर घ्यायचे. विचार अगदी रास्त होता.

पण त्यांच्या मनात एक आकडा बसला होता. तेजीच्या दिवसांत समोरच्या इमारतीतले एक घर ७० लाखांना गेले होते. तेवढे आपल्याला मिळालेच पाहिजेत! गिऱ्हाइके आली, ६० म्हणाली, ६२ म्हणाली. एकाने ६३ पर्यंत ताणले. गृहस्थ म्हणाले, "भाऊ, फुकट घालवायला घर नाही घेतलं मी!" मग कोणीतरी पुनर्विकासाची बातमी आणली. थांबा, आता टॉवर होणार, दुप्पट मिळतील. दोन वर्षे गेली. टॉवर सभेच्या इतिवृत्तातच राहिला. त्या दोन वर्षांत वहिनी फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या; तेही खुर्चीत बसवून, दोघांनी धरून. एकदा मी वर गेलो तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, भाजीवाला अजून कोपऱ्यावरच बसतो का हो?" मला उत्तर सुचेना.

आता हा ७० लाखांचा आकडा जरा तपासून पाहू. बाजार दहा टक्क्यांनी उतरला असे समजा. तुमचे ७० चे घर ६३ ला जाईल. सात लाख गेले म्हणून जीव हळहळेल. पण जे लिफ्टचे घर तुम्हांला घ्यायचे आहे, ते तेजीत ९० ला होते, ते ८१ ला मिळेल. पूर्वी वीस लाखांची भर घालावी लागली असती, आता अठराची. म्हणजे पडत्या बाजाराने तुमचे दोन लाख वाचवले! जुन्या घराची किंमत नव्यापेक्षा अधिक उतरली तर हिशेब बदलतो हे खरे, आणि घर विकून गावी जाणाऱ्याला तर तोटा खराच सोसावा लागतो. पण त्याच बाजारात विकून त्याच बाजारात घेणाऱ्याने केवळ विक्रीचा आकडा धरून बसू नये. दोन्ही आकडे शेजारी मांडावेत आणि मग रडायचे की हसायचे ते ठरवावे.

जुन्या घराला भाव कमी का येतो, हेही समजून घ्यावे. इमारतीचे वय पाहून बँक गिऱ्हाइकाला कर्ज देताना हात आखडता घेते. शिवाय इथली जमीन सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. जिथे तो पट्टा अजून तसाच चालू आहे, तिथे उरलेली वर्षे गिऱ्हाईक बोटांवर मोजते. हस्तांतराला सिडकोची परवानगी लागते आणि शुल्कही पडते. ते कोणी भरायचे, हे बोलणीच्या पहिल्याच दिवशी ठरवावे. सोसायटीच्या हस्तांतर अधिमूल्याला मात्र महानगरपालिकेच्या हद्दीत २५,००० रुपयांची मर्यादा आहे. 'देणगी' म्हणून त्याहून अधिक मागितले तर नम्रपणे नियम दाखवावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाजार उतरला म्हणून सरकारचा दर उतरतोच असे नाही. करारातली किंमत आणि सरकारी दरतक्त्यातली किंमत यांत जी अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसते. आणि विक्रीची किंमत सरकारी किमतीहून फार खाली असेल, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या वर असेल, तर प्राप्तिकरवाले तुम्हांला सरकारी किंमतच मिळाली असे धरून चालतात. तेव्हा दर पाहिल्यावाचून 'हो' म्हणू नये.

कागद तर आजच काढून पाहा. भागपत्रावर नाव कोणाचे आहे? पती वारले आणि घर त्यांच्याच नावावर राहिले, अशा कितीतरी भगिनी आहेत. नामनिर्देशन आहे म्हणजे झाले, असे त्या समजतात. पण नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्तासारखी, मालकी वारसांची. गिऱ्हाईक दारात उभे असताना चार वारसांच्या सह्या गोळा करू लागलात, की ते शेजारच्या दारात जाते. 'गरजवंताला अक्कल नसते' म्हणतात ते याच वेळचे.

काही जण म्हणतात, हे सगळे नकोच. निवृत्तांसाठी बांधलेल्या वसाहतीत जाऊ. जरूर जावे. अशा वसाहतींसाठी केंद्र सरकारने २०१९ साली आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आपल्या राज्यात महारेराने २०२४ साली. लिफ्ट हवी, चाकांची खुर्ची जाईल अशी दारे हवीत, हे त्यांत आले. पण घेताना विक्रीची अट वाचा. पुढे हे घर कोणाला विकता येईल? ठराविक वयावरच्यांनाच विकायचे बंधन असेल, तर गिऱ्हाइके मुळातच थोडी. घर रिकामे पडले तरी महिन्याची सेवा आकारणी चालू राहील काय? आपल्या माघारी ती मुलांनी भरायची काय? शिरतानाच बाहेरचा दरवाजा पाहून ठेवावा.

आणि विकलेच, तर सगळे पैसे हाती पडल्यावाचून किल्ली देऊ नका, आणि पुढची जागा पक्की झाल्यावाचून ताबा सोडू नका. भिडेखातर मुलांच्या नावे घर करून देणार असाल, तर 'आमचा सांभाळ करायचा' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार तेव्हा भक्कम मिळतो. यात मुलांवर अविश्वास नाही. कागदाचे काम कागदाने करावे, एवढेच.

आमच्या शेजाऱ्यांचे पुढे काय झाले? घर शेवटी ६१ लाखांना गेले. दोन वर्षांपूर्वी नाकारलेल्या ६३ पेक्षाही दोन लाख कमी. पलीकडच्याच सेक्टरात त्यांनी लिफ्टचे लहान घर घेतले. परवा वहिनी कोपऱ्यावर दिसल्या, काठी टेकत, भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करीत. गृहस्थ पिशवी धरून मागे उभे. मला म्हणाले, "दोन लाखांचं काही वाटत नाही हो. हिची दोन वर्षं मात्र मी उगाच घालवली."

श्रोतेहो, घराची किंमत पुन्हा चढेल, पुन्हा उतरेल. गुडघ्यांची तेवढी एकदाच उतरते. तेव्हा घर पाहावे विकून. पण जिना उतरता येतो आहे, तोवरच.