चिमणरावापासून गांधीजींपर्यंत

नायकाला चेहरा जपावा लागतो, चरित्र अभिनेत्याला तो दर वेळी बदलावा लागतो. दिलीप प्रभावळकरांचंच पाहा. चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर आला तो त्यांच्या रूपात, बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसोबत. असं घरोघरी पोहोचलेलं पात्र नटाला सहसा सोडत नाही. प्रभावळकरांनीच त्याला मागे टाकलं. 1991 च्या ‘चौकट राजा’तला मतिमंद नंदू आठवा, आणि लगेच दोन वर्षांनी आलेल्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू! हा माणूस एकच, हे पोरांना सांगूनही पटत नसे. ‘हसवा फसवी’ नाटकात तर ते एकटेच सहा भूमिका करत. पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत ते आबा झाले. मालिकेचा आधार होता त्यांचंच लेखन, ‘अनुदिनी’. माझ्या मते त्यांचं सर्वांत अवघड काम मात्र 2006 चं. ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी विनोदी चित्रपटात आणायचे, पण हास्यास्पद होऊ द्यायचे नाहीत. ही भूमिका आणि ‘शेवरी’ हा मराठी चित्रपट, या दोन्हींसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.