शेडचा रिकामा कोपरा आणि १७ टक्के

आजच्या भागात शेअरची टीप नाही, हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना बंद करायचंय ते करू शकतात. आज बोलायचंय ते एमबीएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विषयाबद्दल. नाव आहे अप्लाइड कॉर्पोरेट फायनान्स. आणि बोलायचंय ते माझ्या बाबांच्या शेडबद्दल, शिरोली एमआयडीसीतल्या. दोन्हीचा संबंध काय, ते कळायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं आणि एकदा बाबांना दुखवावं लागलं.

आधी विषय. पहिल्या वर्षी फायनान्स शिकवतात ते गणितासारखं. अमुक रोख येणार, तमुक व्याजदर, एनपीव्ही काढा. आकडे प्रश्नातच दिलेले असतात. दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. म्हणाले, चार-चार जणांचे गट करा, एक खरी कंपनी निवडा, आणि सेमिस्टर संपेपर्यंत तीच धरून बसा. तिचे मालक कोण, तिची जोखीम किती, तिने पैसा कुठे घातला, तो वसूल झाला का, कर्ज जास्त आहे की कमी, लाभांश द्यावा की ठेवून घ्यावा, आणि शेवटी तिची किंमत किती. व्याजदर कुणी देणार नाही. तो तुम्ही काढायचा.

ही पद्धत अश्वथ दामोदरन यांच्यामुळे जगभर पसरली. मूळचे चेन्नईचे, आयआयएम बंगळुरूला शिकले, मग अमेरिकेत पीएचडी, आणि १९८६ पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या स्टर्न स्कूलमध्ये शिकवतात. त्यांची वर्गातली व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, आणि दर जानेवारीत ते जगभरातल्या उद्योगांचे आकडे त्यांच्या संकेतस्थळावर टाकतात. पुण्यातल्या हॉस्टेलच्या गच्चीवर, जिथे नेटवर्क येतं तिथे बसून, मी ती व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकली. नंतर परत साध्या वेगाने ऐकावी लागली, कारण काहीच डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कंपनी लहान असो वा मोठी, निर्णय तीनच. पैसा कुठे घालायचा, तो कुठून आणायचा, आणि उरला तर मालकाला परत किती द्यायचा. पहिल्या निर्णयाची कसोटी एकच. तेवढीच जोखीम घेऊन तुमचा पैसा दुसरीकडे जे कमावू शकला असता, त्यापेक्षा इथे जास्त कमावणार का? त्या ‘दुसरीकडे’च्या आकड्याला हर्डल रेट म्हणतात. अडथळ्याच्या शर्यतीतला अडथळा. त्यावरून उडी गेली तर घाला, नाही तर नको.

आमच्या गटाने टाटा मोटर्स घेतली. पुण्यात राहून दुसरी कुठली घेणार! पहिलाच धक्का जोखमीचा बसला. आम्ही बाळबोधपणे लिहिलं होतं, भारतीय कंपनी, म्हणून भारताची जोखीम. सरांनी विचारलं, गाड्या विकतात कुठे? २००८ मध्ये कंपनीने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली, २३० कोटी डॉलरला. तेव्हापासून विक्रीचा मोठा भाग ब्रिटन, अमेरिका, चीन, युरोपातून येऊ लागला. म्हणजे मुख्यालय मुंबईत असलं तरी जोखीम जिथे गिऱ्हाईक आहे तिथे. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली आपसूक लिहिलं, ‘बाबांचं गिऱ्हाईक?’

बाबांचं गिऱ्हाईक एकच. म्हणजे आहेत तिघं-चौघं, पण साठ टक्के काम एका फाउंड्रीकडून येतं. त्यांचं कास्टिंग येतं, आमच्याकडे मशिनिंग होतं, परत जातं. जॉबवर्क. शेड स्वतःची, त्यात दोन व्हीएमसी, एक जुनी लेथ, एक ड्रिल, आणि एक रिकामा कोपरा. त्या कोपऱ्यात तिसरी व्हीएमसी बसवायचं बाबांच्या मनात तीन वर्षांपासून होतं. दिवाळीत गेले तेव्हा कळलं की कोटेशन आलंय, ३० लाखांचं. २० लाख एफडी मोडून, १४ लाख बँकेकडून, ११ टक्क्यांनी. एफडी म्हणजे त्यांची आणि आईची म्हातारपणाची सगळी पुंजी.

मी उत्साहात लॅपटॉप उघडला. नवीन नवीन शिकलेल्या माणसाइतका धोकादायक माणूस नसतो.

सीएने काढलेला वर्षाचा नफा १२ लाख. बाबा खूश असायचे त्या आकड्यावर. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पगार घेता का? नाही. दुसऱ्याकडे सुपरवायझर म्हणून गेलात तर ४५ हजार कुणीही देईल. वर्षाचे ५ लाख ४० हजार. शेड भाड्याने दिली तर २० हजार महिना. २ लाख ४० हजार. आई रोज दोन तास बिलं, चलन, जीएसटी बघते, त्याचे १ लाख २० हजार. वजा केलं, राहिले ३ लाख. आणि धंद्यात अडकलेत किती? मशीन आज विकल्या तर ३२ लाख, गिऱ्हाइकांकडे आणि मालात १८ लाख. ५० लाखांवर ३ लाख. सहा टक्के. ‘बाबा, एफडी जास्त देते.’

आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, ती थांबली. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘म्हंजे तीस वर्षं काय केलं मी?’ आणि उठून शेडकडे गेले. रविवार होता.

हिशोब चुकला नव्हता, हे तेव्हा मला फार महत्त्वाचं वाटत होतं. पुण्याला परत येऊन सरांना मोठ्या फुशारकीने दाखवलं. त्यांनी शीट पाहिली आणि विचारलं, ‘वडील धंदा बंद करायचा की नाही, असं विचारत होते का?’

नाही. ते मशीन घ्यायचं की नाही, हे विचारत होते. म्हणजे खरं तर मला विचारतच नव्हते.

इथे विषय खरा सुरू होतो, म्हणून जरा थांबून ऐका. सहा टक्के हा आतापर्यंतच्या सगळ्या धंद्याचा सरासरी परतावा. नव्या मशीनचा प्रश्न वेगळा. ती आली तर काय वाढेल आणि काय वाढणार नाही? बाबांचा पगार वाढणार नाही, ते आहेतच. शेडचं भाडं वाढणार नाही, कोपरा रिकामाच पडलाय, आणि फक्त कोपरा कुणी भाड्याने घेत नाही. आईची बिलं चार वाढतील. म्हणजे जे तीन खर्च मी एवढ्या हौसेने वजा केले होते, त्यातला एकही या निर्णयात येत नाही. जो खर्च निर्णयाने बदलत नाही, तो त्या निर्णयाच्या हिशोबात धरायचा नाही. पुस्तकात हे असतं. मला मार्कही मिळाले होते त्यात.

मग नव्याने मांडलं. दोन शिफ्ट, १६ तास, महिन्याला २५ दिवस, त्यातला ७० टक्के वेळ मशीन खरंच चालणार. म्हणजे २८० तास, ताशी ४५० रुपये. वर्षाला साधारण १५ लाख. दोन ऑपरेटर, वीज, टूल, कूलंट, मेंटेनन्स मिळून ८ लाख. हातात ७ लाख १० हजार. मशीन ३० लाखांची, पण पैसे ३० लाखच लागत नाहीत. गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं, म्हणजे तीन महिन्यांचं काम उधारीवर, सुमारे ३ लाख ८० हजार. एकूण ३३ लाख ८० हजार. आठ वर्षांनी मशीन ६ लाखांना जाईल, उधारी परत येईल. कर बाजूला ठेवला. असा हिशोब केला तर मशीन वर्षाला १६ टक्के देते.

बाबांचं गणित सोपं होतं. बँक ११ ने देते, मशीन १६ देते, घ्या. हे गणित मी निम्म्या कोल्हापूरकडून ऐकलंय. पण बँक ११ ने देते कारण शेड तिच्याकडे तारण आहे. सगळ्यात कमी जोखीम बँकेची. बुडालं तर आधी बाबांची एफडी बुडणार. मग त्या २० लाखांनी किती मागायला हवं?

एखाद्या लिस्टेड कंपनीने हीच मशीन घेतली असती तर मी असं धरलं असतं. सरकारी रोख्यावर ७ टक्के, बाजाराच्या जोखमीसाठी वर ७, बीटा १. स्वतःच्या पैशाची किंमत १४. साठ टक्के स्वतःचे १४ ने, चाळीस टक्के कर्ज ११ ने, म्हणजे साधारण १३ टक्के. १६ देणारी मशीन १३ चा अडथळा आरामात ओलांडते. एनपीव्ही सुमारे ४ लाख, अधिक.

पण बीटा १ कुणासाठी? ज्याच्याकडे पन्नास कंपन्यांचे थोडे थोडे शेअर आहेत, त्याच्यासाठी. एक फाउंड्री बंद पडली तर त्याला समजणारही नाही. दामोदरन यांच्या पुस्तकात डिस्नी, टाटा मोटर्स अशा मोठ्या कंपन्यांच्या रांगेत न्यूयॉर्कमधलं एक खासगी पुस्तकांचं दुकान आहे, बुकस्केप नावाचं. ते तिथे का आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या मालकाचं सगळं एकाच दुकानात आहे. त्याच्यासाठी फक्त बाजाराची जोखीम धरून चालत नाही, सगळी जोखीम धरावी लागते. कृती सोपी आहे. बीटाला त्या धंद्याच्या बाजाराशी असलेल्या जोडीने, म्हणजे कोरिलेशनने, भागायचं. मी ०.५ धरलं, बीटा झाला २. स्वतःच्या पैशाची किंमत ७ अधिक १४, म्हणजे २१. कर्जासकट मिळून १७ टक्के.

आणि १६ देणारी मशीन १७ च्या अडथळ्याला पाय लागून पडते. एनपीव्ही १ लाखाच्या आसपास, वजा.

मशीन तीच, काम तेच, गिऱ्हाईक तेच. मोठ्या कंपनीने घ्यावी, बाबांनी घेऊ नये. मला राग आला होता, खरं सांगते. हा न्याय कुठला? पण न्यायाचा प्रश्नच नाही यात. बाबांचं घर, माझी फी, आईचं म्हातारपण, सगळं एका शेडच्या पत्र्याखाली आहे, एवढंच तो दोनचा आकडा सांगतो.

या वेळी मी शीट घेऊन गेले ती शेडमध्ये, बाबांच्या टेबलाशी. आधी म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यांनी चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली. १७ टक्क्यांवर काही बोलले नाहीत. बोट ७० टक्क्यांवर ठेवलं.

‘हे सत्तर कुणी सांगितलं गं तुला?’

मी म्हटलं, अंदाज.

‘चांगल्या महिन्यात ऐंशी जातंय. ट्रॅक्टरचा सीझन पडला की पन्नास-पंचावन्न. आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात म्हणून कुणी सांगितलं? कागदावर नव्वद. हातात यायला एकशे वीस.’

आम्ही दोघांनी मिळून आकडे बदलले. १२० दिवस टाकले तर वजा १ चे वजा २ झाले. ५५ टक्के टाकले तर मोठ्या कंपनीच्या १३ टक्क्यांनीही साडेसात लाख खाली. म्हणजे मी दोन आठवडे ज्या १३ की १७ वर डोकं फोडलं, त्यापेक्षा तो एक आकडा जास्त बोलका होता, आणि तो कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हता.

उधारीचं म्हणाल तर कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. आणि आता आयकर कायद्यातल्या एका कलमाने, मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च कर भरताना वजा करता येत नाही. मी हे सांगितलं. बाबांची उद्यम नोंदणी आहे, त्यांनाही माहीत होतं. ‘कलम दाखवलं की पुढच्या महिन्यापासून जॉब शेजारच्या शेडमध्ये,’ असं म्हणाले. तरी त्यांनी फाउंड्रीच्या खरेदीवाल्याशी बोलणं केलं, कलमाचं नाव न काढता. निम्म्या बिलांना ६० दिवस मिळाले. तेवढ्यानेच जवळपास ४ लाख मोकळे होतील, नवी मशीन न घेता.

३० लाखांचं कोटेशन परत गेलं. एफडी आहे तिथे आहे. पण कोपरा रिकामाच आहे आणि बाबा काही गप्प बसणारे नाहीत. आता एक वापरलेली व्हीएमसी बघितलीय, राजकोटला, १४ लाखांपर्यंत मिळेल म्हणतात. मी ६० टक्के आणि १२० दिवस धरून शीट तयार केलीय. मेंटेनन्सची ओळ मात्र कोरी ठेवलीय, कारण ती मशीन पाहिल्याशिवाय भरायची नाही असं बाबांनी बजावलंय. पुढच्या शुक्रवारी रात्री निघतोय आम्ही. मी लॅपटॉप घेणार, ते स्पिंडल तपासायला डायल घेणार.

मशीन घेतली की नाही, ते परत आल्यावर सांगते. तोपर्यंत तुमच्या घरी दुकान, शेती, शेड काही असेल आणि असा हिशोब कुणी मांडून बघितला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि पहिल्यांदा मांडणार असाल तर रविवारी दुपारी जेवायच्या आधी मांडू नका.