भिंतीला पोट सुटते तेव्हा

तुमच्यापैकी पुष्कळांचे घर दगडामातीचे असेल. उद्या सकाळी त्या घराच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी जरा उभे राहा, एक डोळा मिटा आणि भिंतीच्या कडेने दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहा. भिंत ओळंब्यात आणि सरळ दिसली तर ठीक. मध्येच फुगलेली दिसली, तर गवंडी म्हणतात तसे भिंतीला पोट सुटले आहे असे समजा. आज मला बोलायचे आहे ते या पोटाविषयी. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. ओळंबा हातात धरण्याचा मला अधिकार नाही हे कबूल. पण आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीला असे पोट सुटले आहे, त्या घरात माझे चुलते आणि त्यांची नातवंडे झोपतात, आणि म्हणून हा विषय मला शिकावा लागला.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटे कमी असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत धरणी हलली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर. आमचे गाव तिथून लांब. आमच्याकडे उतरंडीची मडकी वाजली, कुत्री ओरडली आणि आईने आम्हांला अंगणात ओढले, एवढेच. पण त्यानंतर कित्येक दिवस आम्ही अंगणातच झोपत होतो.

भूकंपाची तीव्रता सहाच्या किंचित वर होती. जगातल्या मोठ्या भूकंपांत तिची गणना होत नाही. मग एवढी माणसे का गेली? धरणी हलली खरी, पण माणसे मेली ती स्वतःच्या घराखाली सापडून, हे याचे उत्तर आहे. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेच्या परिसरातही दगडी घरांनीच दगा दिला होता.

आपली जुनी भिंत कशी असते ते पाहा. ती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड असते. जाड म्हणून मजबूत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला घडीव दर्शनी दगडांची एक भिंत, आतल्या अंगाला ओबडधोबड दगडांची दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये माती, कपच्या आणि गोट्यांची भर. या दोन अंगांना एकमेकांशी बांधणारे काही नसते. पावसाचे पाणी भरीत मुरते, भर फुगते आणि अंगे सुटी होऊ लागतात. तेच ते पोट. वर्षानुवर्षे भिंत तशी उभी राहते, कारण तिला कोणी हलवलेले नसते. हादरा बसला की एक अंग बाहेर पडते, दुसरे आत, माणसांवर.

वर माळवद. उन्हाळ्यात त्याच्यासारखे गार छप्पर नाही, हे मान्य. पण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपण त्यावर पांढऱ्या मातीचा थर चढवतो आणि जुना थर कोणी काढत नाही. गुरुजी, हे गणित आपल्या सातवीच्या मुलांना जरूर घाला. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, वर दीड फूट माती. म्हणजे १८० घनफूट, पाच घनमीटरांहून थोडी अधिक. घनमीटरला साधारण १,६०० किलो धरा. उत्तर आठ टनांच्या पुढे जाते! ट्रॅक्टरच्या अडीच-तीन भरलेल्या ट्रॉल्या डोक्यावर घेऊन आपण झोपतो. त्या पहाटे पुष्कळ ठिकाणी गरिबाची कुडाची झोपडी उभी राहिली आणि शेजारचा चिरेबंदी वाडा बसला, तो उगाच नव्हे.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद, सरळ रस्ते आणि सुटी सुटी घरे. ज्यांनी जुनी गल्ली, पार आणि शेजार पाहिला होता त्यांना तिथे करमेना, हेही आपण ऐकले आहे. जिथली गावे हलली नाहीत तिथे घरे दुरुस्त करण्याचाही मोठा कार्यक्रम झाला. पण लोकांच्या मनात एकच गोष्ट ठसली: दगड वाईट, सिमेंट चांगले. माझ्या मते हा धडा अर्धाच आहे. सिमेंटचे घरही वाईट बांधता येते आणि आज ते सर्रास बांधले जाते.

आपल्याकडे बांधकाम निघते कधी? सुगी संपली, हातात चार पैसे आले, की चैत्र-वैशाखात. आणि त्याच वेळी आडाला पाणी नसते, गावात टँकर येतो. काँक्रीट कालवताना मात्र पाणी भरपूर ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. नंतर पाणी मारायची वेळ आली की टंचाई आठवते. हे अगदी उलटे झाले. पन्नास किलोच्या एका पोत्याला सुमारे पंचवीस लिटर पाणी पुरे. त्याहून फार अधिक घातले की काँक्रीट सच्छिद्र होते. आज बाजारात बहुतेक मिळते ते राखमिश्रित सिमेंट. त्याच्या कामावर निदान दहा दिवस ओल राहिली पाहिजे. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा, खांबांना ओली गोणपाटे गुंडाळा. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर, विहिरीला पाणी आहे तोवरच काढा.

आणि दगडाचेच घर बांधायचे असेल तर खुशाल बांधा. भिंत दीड फुटाहून जाड नको. दर दोन फूट उंचीला, आडवे चार फुटांहून अधिक अंतर न सोडता, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा एकसंध दगड घाला. गवंडी असा दगड घालायला नाखूश असतो, कारण तो शोधावा लागतो, घडवावा लागतो. तुम्ही भिंतीपाशी उभे राहून तो मोजून घ्या. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवा. आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा घ्या. पेटाऱ्याला बाहेरून पट्टी मारतो ना, त्याचेच हे काम.

जुन्या घराचे काय? तेही सावरता येते. माळवदावरची जादा माती उतरवायची आणि पाणी मुरणार नाही अशी तजवीज करून पातळ थर ठेवायचा. भिंतीतून साधारण तीन-तीन फुटांवर एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. दोन अंगांना टाके घातल्यासारखे होते. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचे, आणि एका वेळी एकच भोक. पोट फार सुटले असेल तर मात्र तेवढी भिंत उतरवून पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

हे सगळे मी आमच्या तात्यांना, म्हणजे चुलत्यांना सांगितले. ते म्हणाले, "आरं, आज्याच्या आदीपासून हुबी हाय भिंत. तू चार बुकं शिकून मला सांगतूस व्हय?" मी म्हटले, "तात्या, पोट तुम्हांला दिसत नाही का?" तेव्हा ते गप्प बसले आणि मग खरे काय ते बोलले. "दिसतंय की. पर घर पाच जणांचं हाय. खर्च मी करायचा आन उद्या वाटणीत खोली जायची दुसऱ्याला?"

श्रोतेहो, हे ऐकल्यावर माझी मास्तरकी संपली. गावोगावच्या पडक्या वाड्यांकडे पाहा. निम्मे पावसाने पडले असतील, निम्मे तरी सामाईकपणाने. शेताचा सातबारा आपण जिवापाड जपतो. गावठाणातल्या घराचा कागद म्हणाल तर पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, आणि तो कराच्या आकारणीचा. त्याने मालकी ठरत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका काढून वाचा. तिच्यावर आजोबांचेच नाव आहे का? वारसांची नोंद झाली आहे का? पुण्या-मुंबईला गेलेल्या भावांची, सासरी गेलेल्या बहिणींची नावे आहेत का? बहिणींचाही हक्क आहे, त्यांना वगळून केलेली वाटणी पुढे कोर्टात जाते.

आम्ही गेल्या दिवाळीत पाचही घरची माणसे ओसरीवर बसलो. वाटणी झाली नाही, ती एवढ्यात होणारही नाही. पण कोण किती पैसे घालणार आणि पुढे वाटणीच्या वेळी ते कसे वळते करून घ्यायचे, एवढे कागदावर लिहिले आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आत्याने अंगठा उठवला आणि विचारले, "पोरं झोपत्यात ती भिंत आदी घेणार ना?" तीच आधी घेतली आहे. माळवदावरून माती उतरवायला तीन दिवस लागले. अंगणात तिचा ढीग माझ्या छातीएवढा झाला. तात्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि गवंड्याला म्हणाले, "ह्ये समदं आमच्या डोक्यावर हुतं व्हय?"