साखळी कोणी सोडायची?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वकील नाही, बँकेत कारकून आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीजवळ जे घडले त्यावर बोला, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला म्हणून उभा आहे.

मागच्या गल्लीतल्या एका घराला चार दिवस कुलूप होते. मालक लग्नाला गावी गेलेले. अंगणात त्यांचा कुत्रा हातभर साखळीला बांधलेला. घमेल्यात पाण्याचा थेंब नाही आणि दुपारनंतर सावलीही नाही. विहारात येणारी तीन पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, रात्री भिंतीवरून उतरतो, साखळी तोडतो आणि मामाच्या शेतावर नेऊन ठेवतो. कुणाला कळणार पण नाही."

हे शेवटचे वाक्य मला खटकले. पहिले शील सांगते जिवाला इजा करू नका, दुसरे सांगते दिलेले नाही ते घेऊ नका. इथे दोन्ही शिले समोरासमोर उभी राहिली.

कायद्याचेही तसेच आहे. भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमात चोरी समजावून सांगताना एक उदाहरण कुत्र्याचेच दिले होते. खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याचा कुत्रा अप्रामाणिक हेतूने आपल्या मागे आणला, तर तो मागे चालू लागला त्याच क्षणी चोरी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू झाले, त्यातही हे उदाहरण आहे. म्हणजे सगळे हेतूवर आले. पण रात्री भिंत चढणाऱ्याचा हेतू चांगला होता हे कोण मानणार? त्यातून आपल्या वस्तीतली पोरे! मित्रहो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता दुसरी बाजू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात अवाजवी आखूड साखळीला बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा मालकाचा गुन्हा ठरवला आहे. त्याला पहिल्या वेळी दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये! हसू नका. त्याच कायद्यात दोन कामाची कलमे आहेत. ३४ प्रमाणे कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस जनावर ताब्यात घेऊ शकतो, म्हणजे आपला हवालदारसुद्धा. २९ प्रमाणे दोषी मालकाची मालकी कोर्ट काढून घेऊ शकते.

देवदत्त आणि हंसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जीव वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, एवढेच आपण त्यातून घेतो. पण सिद्धार्थाने हंस लपवला नव्हता, भांडण सभेपुढे नेले होते, हे मात्र आपण विसरतो.

तरी नुसता अर्ज करून बसा, असे मी सांगणार नाही. बारा वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात राहत असताना शेजारी असाच एक कुत्रा होता. मी अर्ज दिला आणि वाट पाहिली. चौथ्या दिवशी तो मेला. त्या अर्जाची पोच अजून माझ्या फायलीत आहे.

म्हणून मी पोरांना म्हटले, रात्री नाही, आत्ता उजेडी चला. दोन शेजाऱ्यांना साक्षीला उभे केले. पोरे आत उतरली, पाणी ठेवले, भाकरी घातली, गोणपाटाची सावली बांधली. तो उभा राहू शकत नसता, तर मी स्वतः त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेले असते आणि तिथून सरळ पोलीस स्टेशनला जाऊन सांगितले असते. माझ्यावर गुन्हा नोंदला गेला असता तर तोही सोसला असता.

पोलीस स्टेशनात हवालदार म्हणाले, "माणसांच्या तक्रारी थोड्या आहेत का?" मी कलमे लिहिलेला अर्ज पुढे केला आणि शिक्क्याची पोच मागितली. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, ही बँकेची सवय. त्या पोचेवर नजर गेल्यावर मालकांना फोन झाला. दुसऱ्या दिवशी ते आले, आमच्यावर ओरडले, आणि साखळी मात्र लांब केली. आता गावी जाताना शेजारच्या मावशींकडे किल्ली देऊन जातात.

कुत्रा अजून तिथेच आहे, बांधलेलाच आहे. त्या तिघांतला एक मुलगा अजून म्हणतो, "काका, तेव्हाच न्यायला हवा होता." तो आज इथे समोरच बसला आहे. त्याला मी अजून पटवू शकलेलो नाही.

जयभीम.