काचेच्या पेटीतला तळ



या व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय होऊन गेले. मी मात्र आज आपणांपुढे वाळू आणि दगड यांवर बोलावयास उभा आहे. समोरच्या टेबलावर तीन डब्या मांडल्या आहेत. त्यांची गोष्ट शेवटी. आधी माझी फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर घरात काचेची पेटी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. भरल्यावर पन्नास लिटरांच्या आसपास पाणी. तळाशी वाळू, चार सोनेरी मासे, थोडी पाणवनस्पती. सात-आठ महिने सारे सुरळीत चालले. मग दिवाळीच्या साफसफाईच्या भरात ही पेटीही लख्ख करावी असे मनात आले. सगळी वाळू उपसली, घमेल्यात घालून नळाखाली खळाखळा धुतली, कडकडीत उन्हात वाळवली आणि पुन्हा पसरली. पाणीही सगळे नवे. पेटी आरशासारखी दिसू लागली. चौथ्या दिवशी सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते, सहाव्या दिवशी उरलेले दोन. मुलगी मला एवढेच म्हणाली, "बाबा, घाण होती तेव्हा ते जिवंत होते."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला मागाहून कळले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो, आणि तो त्यांना विषासमान आहे. वाळूच्या कणाकणावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचा पातळ थर बसलेला असतो. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. काही वनस्पती शोषून घेतात, काही आपण थोडे पाणी बदलून काढून टाकतो. हे जीवाणू नव्या पेटीत पुरेसे वाढावयास साधारण महिना-दीड महिना लागतो. मी ती वस्ती एका सकाळीत नळाच्या क्लोरीनने आणि उन्हाने उठवून लावली होती. गोठा झाडता झाडता गोठाच पाडला, असे म्हणा ना!

तेव्हा तळ म्हणजे केवळ शोभा नव्हे. हे ओळखण्याच्या मार्गावरचा एक जुना प्रयोग रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाचा आहे. 1850 साली त्याने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे तो मांडला. काचेच्या भांड्यात तळाशी वाळू आणि चिखल, त्यात वॅलिसनेरिया नावाची लांब फितीसारख्या पानांची वनस्पती, आणि दोन लहान सोनेरी मासे. काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढुळले. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी निवळले. जीवाणूंचे काम त्याला ठाऊक नव्हते. तरी तळ, वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसला तर मासे टिकतात, हे त्याने दाखविले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. ते पाहून आलेल्यांना मासेच आठवतात, तळाची वाळू कोणाच्या ध्यानात राहत नाही. तळ चांगला असल्याची ही खूणच समजावी.

आता वाळू कोणती घ्यावी? कणाचे माप मी आपल्याच धान्यात सांगतो. बाजरीपेक्षा लहान नको, ज्वारीपेक्षा फार मोठा नको. फार बारीक वाळू दाबून बसते, आत हवा खेळत नाही, खालचा थर काळा पडतो आणि हात घातला की सडक्या अंड्याचा वास येतो. फार मोठी खडी घ्याल तर खाद्याचे कण फटींत पडून तेथेच कुजतात. दोन इंचांचा थर पुरे. मागच्या बाजूला थोडा चढता ठेवावा. माझ्या मापाच्या पेटीला चौदा-पंधरा किलो वाळू लागते. यासाठी नदीत उतरू नका. भीमा आणि सीना यांच्या पात्रांतून वाळू किती गेली, हे येथे बसलेल्यांस मी सांगावयास नको. शेजारी बांधकाम चालू असेल तर विचारून दोन घमेली आणावी, चाळावी आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. धुणे ते हेच, सुरुवातीचे. नंतर वाळू उपसावयाची नाही, वरवरचा गाळ तेवढा नळीने ओढून घ्यावयाचा. खडीयंत्राच्या कचेला धार असते. तळ उकरून खाणाऱ्या माशांच्या मिशा तीवर सोलवटतात. काळी माती नुसती तर मुळीच घालू नये. ती आपल्या ज्वारीची माय खरी, पण पाण्यात फुगते आणि दिवसचे दिवस निवळत नाही. वनस्पतीसाठी हवीच असेल तर मातीच्या छोट्या कुंडीत घालून वर वाळूचा थर द्यावा.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र चुनखडीची. काळ्या रानात पांढरे खडे सापडतात, तेच ओढ्यानाल्यांतून वाळूत मिसळतात. पाण्यात विरलेल्या कर्बवायूने ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड होते, क्षारीय होते. आपल्या विंधनविहिरींचे पाणी आधीच जड आहे, म्हणून मी एकदा मोठ्या शहाणपणाने पावसाचे पाणी साठवून घातले. वाळूतल्या चुन्याने तेही महिन्याभरात जड करून टाकले. पाणी क्षारीय झाले की त्यातला अमोनियाही अधिक घातक होतो. शिंपले, कवड्या आणि पोवळ्याचे खडे हे याच जातीचे, कितीही सुरेख दिसोत.

दगडांत आपण श्रीमंत आहोत. काळा पाषाण पाण्याला काही देत नाही, काही घेत नाही. त्याच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटीही निर्धास्त घ्यावी. तिच्याचसारखा दिसणारा कॅल्साइट मात्र ओळखून ठेवावा. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा उठतो. बाजारच्या निळ्या-गुलाबी खड्यांविषयी मी अधिक बोलत नाही. एवढेच सांगतो की पांढऱ्या तळावर पुष्कळ मासे फिके पडतात आणि काळसर तळावर त्यांचा रंग खुलतो. विश्वास नसेल त्याने करून पाहावे.

लाकूड घालावयाचे तर पुरते वाळलेले, साल काढलेले घ्यावे, उकळावे, आणि तीन-चार आठवडे पाणी बदलत भिजवावे. चहासारखा रंग उतरतो, त्याची भीती नाही. ओले लाकूड कुजते. चिकाच्या झाडाचे तर नावच नको. शेराचा चीक पाण्यात टाकून मासे धरण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक असेल. मासे लपावयास फुटक्या माठाचे खापर किंवा नारळाची करवंटी यांहून चांगली जागा नाही.

एक विनंती कळकळीने करतो. पेटीचा कंटाळा आला म्हणून मासे आणि वनस्पती ओढ्यात किंवा धरणात सोडू नका. उजनीचे धरण आपल्याच तालुक्यात आहे. तेथे कोळ्यांच्या जाळ्यांत दक्षिण अमेरिकेतला सकर मासा सापडू लागला आहे. काच साफ ठेवतो म्हणून लोक तो पेटीत पाळतात. त्याच्या काटेरी पाठीने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. जलपर्णीही त्याच खंडातून जांभळ्या फुलांच्या हौसेपायी जगभर गेली. ज्याचे जाळे फाटते त्याच्या घरी काचेची पेटी नसते.

आता या डब्या. एकीत धुतलेली वाळू आहे, दुसरीत काळ्या पाषाणाचे तुकडे, आणि तिसरीत ओढ्यातून वेचलेले पांढरे खडे. शेजारी बाटलीत व्हिनेगर ठेवले आहे. खड्यांवर चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. चुना असेल तर बुडबुडे येतात, बारीक फसफसही ऐकू येते. मुलांना आधी टाकू द्यावे. आणि वाळूच्या डबीतही टाकून पाहा, कारण ती मी काल घाईत चाळली आहे.